पोटखराब

माझ्या साडूंइतका दमवणारा सज्जन अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. चुडाव्याजवळ त्यांचं चार एकर शेत, पण जीव अडकलेला शेताखालच्या सरकारी सखल रानात. लव्हाळा, बाभळी, बोरीची झुडपं आणि हिवाळाभर साचून राहणारं पाणी. सातबाऱ्यावर नोंद 'पोटखराब', म्हणजे पिकाला नालायक. "पोट खराब न्हाई तिचं, भरलेलं हाय," असं ते मी जिथं काम करतो त्या मोजणी कचेरीत प्रत्येक नव्या साहेबाला सांगून गेले. पुराव्यादाखल कधी सापाची कात, कधी काडेपेटीतून सशाच्या लेंड्या. सासुरवाडीच्या एका लग्नात ती काडेपेटी आचाऱ्याच्या हाती लागली, तेव्हापासून त्यांना चुलाणाकडं फिरकायला बंदी आहे.

त्या रानात गोदामं उभी करायचं ठरलं आणि ते रोज कचेरीत यायला लागले. सुनावणीला सगळे रस्ता आणि नोकऱ्यांबद्दल बोलत होते. ह्यांनी उभं राहून तिथल्या गवतांची नावं वाचायला घेतली. एकतिसाव्या नावाला साहेब चहाला उठले, तर हे वाचत वाचत त्यांच्या मागं गेले. मी ओळख न दाखवता खिडकीबाहेर बघत बसलो.

उन्हाळ्याच्या तोंडी टिटव्यांनी तिथं उघड्यावर अंडी घातली. खड्यांत खडा दिसणारी ती अंडी पाहणीवाल्यांच्या बुटांखाली जातील, ह्या धास्तीनं साडू माझ्याकडं आले. प्रत्येक घरट्याभोवती चुन्याचं कडं काढलं तर, असं विचारत होते. मार्चअखेरच्या कामानं मी आंबून गेलो होतो. मान वर न करता म्हणालो, काढा.

त्यांनी दोन दिवस भर उन्हात वाकून अकरा कडी काढली. तिसऱ्या दिवशी खांबांसाठी खड्डे घ्यायला मशीन आलं. चुना दिसेल तिथं खणायचं, एवढंच चालकाला सांगितलेलं. मोजणीच्या खऱ्या खुणा वाऱ्यानं उडालेल्या, ही कडी मात्र पांढरीशुभ्र. त्यानं इमानानं अकरा खड्डे घेतले.

मी पोचलो तेव्हा टिटव्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होत्या. जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, चुना टाकला कुणी?

"म्याच," साडू म्हणाले. "माझंच खूळ."

मोजणीत माझी तीस वर्षं गेली. चुन्याच्या खुणेचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, मला होता. लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

आता ते कचेरीत येत नाहीत. रविवारी मीच जातो. परवा मेव्हणी चहा देताना म्हणाली, "दाजी, आधी तुमाला विचारलं असतं, तर तुमी अडवलं असतं ह्यांना."

साडू शेंगा फोडत होते. मूठभर दाणे पाखडून त्यांनी माझ्यापुढं सरकवले.