डोळा पिकायची वाट

आमच्याकडे आंब्यासारखा डोळाही पिकावा लागे. मोतीबिंदू पुरता पिकला, बुबुळ पांढरं दिसायला लागलं, की थंडीत वर्ध्याला डोळ्यांचं शिबिर भरे, तिथं जाऊन तो काढून आणायचा. कच्चा काढला तर डोळाच जातो, हे आमच्या देवळी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काचबिंदू हा शब्द मात्र कुणाच्या कानावरून गेला नव्हता. माझ्या आत्यानं असाच पिकवून काढला आणि परत आल्यावर डाळीतले खडे वेचून दाखवले. तेव्हापासून घरात डोळ्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा.

बाबांचं कापडाचं दुकान होतं. पन्नाशीच्या सुमारास त्यांना दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं. अधूनमधून कपाळ दुखे. मग चौकटीला खांदा आपटायला लागला. बाजूनं कुणी रामराम घातला तर उत्तरच नाही. "शेठले आता माज आला," असा बाजारात बोभाटा झाला आणि जुनी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली.

आईचं दुःख वेगळंच. त्या काळी चार माणसांत बाई नवऱ्याच्या पुढ्यात उभी राहत नसे. ती दाराच्या कडेला, पदर सावरून, बाजूनं बोलायची. बाबा तिच्याकडे वळतही नसत. "मी का भूत हाय? पाह्यत बी नाई माह्याकडे," ती चुलीपाशी बसून माझ्याजवळ धुसफुसायची.

आत्या बाबांना अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवी आणि पापणी वर करून बघे. "स्वच्छ हाय रे भाऊ, आरशावानी. पिकला नाई अजून. थांब." दर थंडीत हेच, आणि दर थंडीत बाबा थांबले. मला आज तिचा संताप येतो. पण बाई खोटं कुठं बोलत होती? तिला एकच रोग माहीत होता, आणि तो मात्र तिला पक्का माहीत होता.

एका सकाळी बाबा दुकानाला निघाले आणि रस्त्याकडेच्या नालीत पडले. गुडघा फुटला. आईनं हळद दाबली आणि आत्याच्या तोंडावर सांगितलं, "पिको की सडो, उद्या वर्ध्याले जायाचंच."

बाबा, आई आणि मी, तिघं वर्ध्याला गेलो. डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर बोटांनी डोळा दाबून पाहिला, मग यंत्र लावून आत बराच वेळ पाहिलं. "हा काचबिंदू आहे," ते म्हणाले. "डोळ्यातला दाब वाढतो. कडेची नजर आधी जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची खटपट करू."

"मंग हा पिकन कधी?" बाबांनी विचारलं.

"हा पिकत नाही हो. आधीच यायला हवं होतं."

मोटारीची वाट पाहत बाबा स्टँडवरच्या बाकावर बसले. आई रिवाजाप्रमाणे कडेला, हातभर अंतरावर उभी. थोड्या वेळानं बाबांनी मला विचारलं, "तुही आई कुठं गेली वं?"

आईनं ते ऐकलं. भर स्टँडवर, एवढ्या लोकांत, ती पुढं आली आणि त्यांच्या अगदी समोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सावरला नाही.

"अजी, मी इथं हावो."

बाबांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहत राहिले.

"लय दिवसांनी दिसली तू," ते म्हणाले.