अकरावा विषय

त्रिंबक गेला त्याला वर्ष होऊन गेलं, पण त्याचा आवाज अजून गेलेला नाही. मी दळण घेऊन परत येत असतो, भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि मागून ऐकू येतं, ‘मंजूर!’ मी वळून बघत नाही. पंचाहत्तरीचा माणूस रिकाम्या रस्त्यावर वळून बघायला लागला की म्हातारा चळला, असं लोक म्हणतात. आणि आमच्या गावच्या लोकांना म्हणायला काय, निमित्तच पाहिजे असतं.

त्याचा आवाज पहिल्यांदा मीच शोधून काढला, हे आधी कबूल करतो. बहात्तरच्या दुष्काळात शिरूर कासारकडे तलावाचं काम निघालं होतं. मी तिथं हजेरी घेणारा कारकून. घसा माझा जन्माचा बसका, आणि माणसं दीड हजार, खड्ड्यात, टेकाडावर, झाडाच्या सावलीला पांगलेली. मी नाव पुकारायचो ते माझ्याच वहीत पडायचं. तेव्हा खडी फोडणारा एक काटकुळा गडी पुढं आला. “सायेब, तुमी बारीक सांगा, मी मोठ्यानं सांगतो.” त्यानं पहिलं नाव पुकारलं आणि लांब टेकाडावरची बाई घमेलं टाकून उठली. त्या दिवसापासून मी पुटपुटायचो आणि त्रिंबक ओरडायचा. काम संपेपर्यंत एकाचीही हजेरी बुडाली नाही.

पुढं मी नदीकाठच्या सहकारी साखर कारखान्यात नोकरीला लागलो. सर्वसाधारण सभेचं विषयपत्र वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणजे पुन्हा तोच बसका गळा. चेअरमन साहेबांना मी त्रिंबकचं नाव सुचवलं. तो दर हंगामाला बायकोबरोबर आमच्याच कारखान्याच्या उसाच्या तोडीला यायचा. साहेबांनी त्याला एक शेअर मिळवून दिला. शेतात उसाचं एक कांडं नाही आणि गडी कारखान्याचा सभासद! दगडाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो शेअरचा कागद देवाच्या फोटोमागं ठेवला होता.

त्याचं काम सोपं होतं. सभेत मधोमध बसायचं. मी विषय वाचायचो, “ताळेबंदास मान्यता देणेबाबत,” आणि ‘बाबत’वर माझा सूर खाली बसला की त्रिंबकनं आरोळी द्यायची, “मंजूर!” त्याच्यामागं हजार तोंडं. विषय संपला. आमचा दोघांचा ताल असा जमला होता की भजनात टाळकऱ्यांचाही जमत नाही. अर्थ कुणी ऐकत नसे. मीसुद्धा नाही. सगळ्यांचे कान तंबूमागं शिजणाऱ्या बुंदीकडे.

त्रिंबकला एकच ओढ होती, त्याची पोरगी गीता. पोरगी हुशार. आईबाप तोडीला गेले की ती आजीपाशी राहून शाळा करायची. “ही मास्तरीण व्हनार,” असं तो ज्याला त्याला सांगायचा. मोठ्यानंच सांगायचा, दुसरं त्याला येतच नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालच्या सभेत रामकिसन मास्तर उठले. निवृत्त शिक्षक, दोन एकर उसाचे धनी, आणि हट्टी. त्यांनी एक गोष्ट हेरली होती. कारखान्याची साखर व्यापारी टेंडर भरून घेतात, पण उचलत नाहीत. उचलण्याची चिठ्ठी दुसऱ्याला विकतात, दुसरा तिसऱ्याला. पोतं गोदामात जागचं हलत नाही आणि चिठ्ठीला मात्र चार मालक होतात, चौघंही नफा खाऊन मोकळे. मास्तर म्हणाले, “चिठ्ठीवरचं नाव बदलायला शेवटी आपल्याच हापिसात यावं लागतंय ना? मग दर नावबदलाला पोत्यामागं आठ आणे घ्या. त्याच्यात आपल्या कारखान्याचं कॉलेज चालवा. आन् फी कुणालाच लावू नका.”

गलका झाला. साहेबांचे मेहुणे बंकटराव उठले. म्हणाले, व्यापारी काय आपला जावई आहे का? तो उठून दुसऱ्या कारखान्याला जाईल. आणि फुकटच्या शिक्षणाची किंमत पोरांना राहत नाही.

“तुमी पंचायतीच्या शाळेत फुकट शिकलात, बंकटराव,” मास्तर म्हणाले. “तुमाला किंमत राहिली न्हाई का?”

हशा पिकला. आणि तेवढ्यात मधोमध त्रिंबक उभा राहिला. विषयाशिवाय तोंड न उघडणारा त्रिंबक. “मास्तर, मला एक सांगा. माझ्या पोरीला फुकट, हे लई चांगलं. पण शंभर एकरवाल्याच्या पोराला फुकट कावून? त्याला परवडतंय की.”

प्रश्न बिनतोड होता. मला वाटलं, मास्तर अडकले. पण ते म्हणाले, “त्रिंबक, नुसत्या गरिबाच्या पोरांचं कॉलेज काढलं तर त्याचं छप्पर गळलं तरी कोन बगनार न्हाई. शंभर एकरवाल्याचं पोरगं त्याच बाकड्यावर बसलं, की छप्पर दुसऱ्या दिवशी शाकारलं जातंय. त्याचं पोरगं तुझ्या पोरीसाठी पाहिजे.”

त्रिंबक विचार करत उभाच राहिला. मी सूर खाली आणला नव्हता, साहेबांनी खूण केली नव्हती. आणि तो आपल्या मनानं ओरडला, “मंजूर!” पुढं जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. निवडणूक तोंडावर होती, साहेब हसले आणि टाळ्या वाजवू लागले.

तीन वर्षं कॉलेज बिनफीचं चाललं. व्यापारी कुठं गेले नाहीत, कुरकुरत राहिले. गीता अकरावी सायन्सला आली, बारावीला गेली. पांढऱ्या कोटात प्रयोगशाळेत उभी असलेली पोरगी खिडकीतून बघायला त्रिंबक कारखान्यावर आला की कॉलेजला चक्कर मारायचा. आत जायचा नाही. “मी बोललो की समद्या पोरी दचकत्यात,” म्हणायचा.

मग दुष्काळाचं सत्त्याऐंशी साल आलं. ऊस वाळला, गाळप निम्म्यावर आलं आणि व्यापाऱ्यांना बळ चढलं. सभेच्या विषयपत्रात अकरावा विषय आला, ‘ठराव क्रमांक एकोणीसमध्ये दुरुस्ती करणेबाबत’. म्हणजे आठ आणे बंद आणि दुसऱ्या सत्रापासून फी सुरू. मास्तर तोवर वारले होते. त्यांच्या जागी गीता उठली म्हणायची. तिनं बापाला विषयपत्र वाचून दाखवलं, अकराव्या विषयाला तांबड्या पेन्सिलीनं खूण केली आणि सांगितलं, “दादा, हितं नामंजूर म्हनायचं. तुमी म्हनलात तर समदे म्हनतील.” त्रिंबकनं मला हे आदल्या दिवशी सांगितलं. मला! विश्वासानं.

आणि सभेच्या सकाळी साहेबांनी मला बोलावलं. चहा दिला. म्हणाले, “विठ्ठलराव, अकरावा विषय चौथ्या नंबरला घ्या. सुरुवातीलाच उरकून टाकू. आणि वाचा आपल्या नेहमीच्या सुरात.”

मी समजलो. न समजायला मी काय कुकुलं बाळ होतो? मी हो म्हणालो.

मांडवात त्रिंबक मधोमध बसला होता. हाताची मूठ वर धरलेली. पहिला विषय मंजूर झाला, त्यानं एक बोट उघडलं. दुसरा, दुसरं बोट. वाचता येत नव्हतं म्हणून तो अकरापर्यंत मोजणार होता. तिसरा. मग मी चौथा वाचला, भरभर, आणि ‘बाबत’वर माझा सूर खाली सोडला, अगदी हलक्या हातानं. त्याचं चौथं बोट उघडलं आणि आरोळी निघाली. “मंजूर!”

त्याच्यामागं मांडव गरजला. मी कागद उलटला, पाचवा विषय सुरू केला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मागं वळून काहीतरी म्हटलं, ते तोंडातोंडी मधोमध पोचलं, आणि त्रिंबक उभा राहिला. “न्हाई! न्हाई! ते न्हाई!” तो ओरडत होता, पण लोकांना तो आवाज कशाचा ते कळेना. मी पाचव्याच्या शेवटी सूर खाली आणला आणि मांडवानं त्याच्याशिवायच मंजूर म्हटलं. एवढ्या वर्षांनी सगळ्यांना सवय लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. बोलला ते इतकं हळू की मला पुढं वाकावं लागलं. “इठ्ठलराव, माझं मत मागं घ्या. माझ्या एकट्याचं. बाकीच्यांचं राहू द्या.”

“मतं मोजलेलीच नाहीत रे,” मी म्हणालो. “तुझं कुठून काढू?” इतिवृत्तात मी ‘सर्वानुमते’ लिहून मोकळा झालो होतो, शाईसुद्धा वाळली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं, विषयांचा क्रम मी फिरवला, चूक तुझी नाही. जीभ उचललीच नाही. आधी नोकरीची भीती, मग पेन्शनची, आणि मग काही न सांगण्याची सवय.

दुष्काळात फी कितीही लहान असली तरी मोठीच असते. दिवाळीनंतर गीता आईबापाबरोबर ट्रकमध्ये चढून तोडीला गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर तिचा स्वतंत्र कोयता झाला. आमच्याकडं तोडीच्या नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, माणसं दोन असली तरी.

त्रिंबक पुढच्या सभेला आला होता. प्रत्येक विषयाला, अगदी श्रद्धांजलीच्या ठरावालासुद्धा, तो ‘नामंजूर’ म्हणत राहिला. लोक पोट धरधरून हसले. स्वयंसेवकांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. त्यानंतर तो मोठ्यानं कधी बोललाच नाही. गावातली टवाळ माणसं त्याला बघून ओरडायची, “काय बे त्रिंबक, मंजूर का?” आणि तो कानावर हात ठेवून चालायला लागायचा.

मी त्याच्याकडं जायचो अधूनमधून. का जायचो, सांगता येत नाही. ठेच लागलेल्या जागीच पुन्हा ठेच लागते, तसं. एकदा भर दुपारी आम्ही त्या बहात्तरच्या तलावावर बसलो होतो. तलाव कोरडा ठणठणीत. तो माझा दंड घट्ट धरून म्हणाला, “ऐका.”

“काय?”

“मी हाळी दिल्याली. अजून फिरतीया हितं. माझ्याच आवाजात म्हंती, मंजूर. गीताला ऐकू येत आसंल का हो?” त्याचे डोळे तलावाच्या मोकळ्या पोटात कुणाला तरी शोधत होते. मलाही ऐकू आलं होतं. मग म्हणाला, “गीता माहेराला येती, आईशी बोलती. माझ्याकडं बगत न्हाई. आन् बगूच नये तिनं.”

परवाच्या दुष्काळात तो गेला. माणसानं मेल्यावर तरी सुटावं, पण मला वाटतं तो तसाच गेला, कानावर हात ठेवून. तेराव्याला मी शिरूरकडं गेलो. पंगती उठल्यावर गीता ओट्यावर एकटी भांडी आवरत होती. केस पिकलेले, उजव्या हाताच्या दोन बोटांवर कोयत्याचे जुने वण. मी म्हणालो, गीता, आता तरी मला सांगू दे. आणि सगळं सांगितलं. चहा, चौथा नंबर, सूर. “तुझ्या बापाची चूक नव्हती. मी फसवलं त्याला. तू उगाच इतकी वर्षं त्याच्याशी अबोला धरलास.”

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. रडली नाही, चिडली नाही. 

“काका, मी त्या सभेत होते,” ती म्हणाली. “स्वागतगीताला कॉलेजच्या पोरी आनल्या होत्या, स्टेजच्या डाव्या अंगाला बसवल्या होत्या. तुमच्या तोंडाकडं मी बघत होते. एकोणीसचा ठराव म्हनलात ते मला चांगलं ऐकू आलं. दादांना मोजायचं होतं, मला तर वाचता येत होतं.”

“मग?”

“मग दादांचा आवाज आला. समदा मांडव वरडला. आन् मीबी वरडले. शेजारच्या पोरींसंगं, मंजूर म्हनून. कावून वरडले ते आजून कळंना.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “दादांवर मी कवाच रुसले न्हवते. मला त्यांच्याकडं बघायला तोंड न्हवतं. त्यांना वाटलं मी रुसले, आन् मी वाटू दिलं.”

आतून तिच्या पोरीचं हसणं ऐकू आलं. गीतानं दाराकडं बघून आवाज खाली आणला. “हे हितंच राहू द्या काका. पोरीला मी सांगितलंय, आज्यानं माझं कॉलेज बुडवलं. तिच्यापुढं आता मी कोनत्या तोंडानं दुसरं सांगू? ते गेले. त्यांच्यावरच राहू द्या.”

मी हो म्हणालो.