आंबलेली पोर्टर अन् तेलाचं गोदाम

जालन्याच्या स्टेशनावर सिकंदराबादची गाडी हलली, तेव्हा बापूंनी खिडकीचा गज धरून बजावलं, "तिथलं काहीबाही पिऊ नको. पाणीसुदिक गाळून पी." मी मान डोलावली. महिना उलटायच्या आत मी रोज सकाळी इंग्रजांची काळी बिअर तोंडात घेत होतो.

गया, तू माझी पाठची बहीण. तुला तरी आता खरं सांगतो.

छावणीतल्या पलटणींना दारू पुरवणाऱ्या गोदामात मी पेट्या उचलायला लागलो होतो. पोर्टर नावाची ही बिअर विलायतेहून जहाजानं यायची आणि इथल्या उन्हात बिघडायची. माझं नाक तिखट आहे हे साहेबाच्या ध्यानात आलं. मग प्रत्येक पेटीतली एक बाटली मी उघडायची. ग्लास उजेडाला धरला की काळ्यात लाल झाक दिसली पाहिजे. फेस टिकला पाहिजे. वास करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा, चव कडू, मागून किंचित गोड. मग थुंकायचं. एकही घोट पोटात जात नव्हता! पण हे आपल्या घनसावंगीत ऐकतं कोण? गावचा एक जण मला तिथं बघून गेला आणि पोरगं दारूत बुडालं अशी आवई उठली. तुझी ठरलेली सोयरीक मोडली.

बापू तणतणत थेट गोदामात आले. "चल घरी. मला बिलकुल काही ऐकायचं न्हाई."

नेमकं तेव्हाच माझं साहेबाशी वाजलं होतं. तीन पेट्या आंबल्यात, असं मी म्हणत होतो. दिवसभर पाइप ओढणारा तो माणूस म्हणत होता, माल उत्तम आहे. इकडे साहेब, तिकडे बाप! वैतागून मी ग्लास बापूंच्याच नाकाखाली धरला. "मंग तुम्हीच सांगा."

उभा जन्म गुऱ्हाळावर काढलेला माणूस. रागातही त्यांनी वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि नळावर चार चुळा भरल्या.

"करपट हाय, ते ठीक. पण हे आंबून राह्यलंय. फेकून द्या म्हणावं."

साहेबानं ऐकलं नाही. आठ दिवसांत तिन्ही पेट्या पलटणीतून परत आल्या. तेव्हापासून तिथं माझा शब्द शेवटचा.

बापूंनी मला परत नेलं नाही. निघताना म्हणाले, "तुझी जीभ बराबर हाय. पण गावात मी तेलाचं गोदाम सांगतो." सांगितलंही. ती आवई विरली आणि तुझं दुसरीकडं जमलं. तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांनी मला करडईच्या तेलाबद्दल विचारलं. मी तासभर तोंडाला येईल ते बोलत राहिलो, आणि बापू शेजारी बसून 'बराबर, बराबर' म्हणत होते!

अजून तुझ्या दर चिठ्ठीत तेच, "दादा, तेल महागलं का?" कंटाळलो गं. बापूही गेले. आता कुणासाठी झाकायचं? इथं माझ्या एका 'नाही'वर पेट्याच्या पेट्या मोरीत रिकाम्या होतात. ते इथल्या कुणालाही सांगता येतं, पण सांगावंसं वाटत नाही. तुझ्या ओसरीवर बसून, तुझ्या पोरांदेखत सांगावंसं वाटतं. घर म्हणतात ते हेच असावं.