उणे ज्वारी

परभणीच्या शेतकी कचेरीत माझ्या शेजारी एक सांख्यिकी सहायक बसायचे. बोलण्याआधी ते चष्मा पुसायचे, आणि 'चुकलं' हा शब्द फार जपून वापरायचे.

ताडकळसच्या रानांतल्या ज्वारीच्या प्रयोगांचे तीन वर्षांचे आकडे हैदराबादच्या संगणकाच्या चुंबकीय टेपवर साठवले होते. पुढे तिथे नवा कंपायलर आला, म्हणजे आपला प्रोग्राम यंत्राला समजावणारा दुभाषीच बदलला. त्यानंतर तीच टेप वाचली, तर ज्वारीचं उत्पन्न उणे निघालं.

साहेब म्हणाले, "टेप खराब झाली. अंदाजानं आकडे भरा."

मी मुकाट्यानं तक्ता आखायला घेतला. सहायकांनी चष्मा पुसला.

"साहेब, आकडे खरे हायेत. लिहिणारा दुभाषी येगळा, वाचणारा येगळा, म्हणून घोळ व्हायलाय. अंदाजानं मी भरणार न्हाई."

साहेब चिडले. सहायकांनी रजेचा अर्ज ठेवला आणि हैदराबादची गाडी धरली. जुन्या कंपायलरवर टेप वाचून घेऊन, सगळे आकडे साध्या अंकांत छापून, पाचव्या दिवशी कागदांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन ते परतले. एकही आकडा उणे नव्हता.

माझा अंदाजानं अर्धा भरलेला तक्ता त्यांनी पाहिला. मला मान वर करवेना. त्यांनी एक कोरा तक्ता स्वतःकडे ओढला आणि गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"तुमी वाचा," ते म्हणाले, "मी लिहितो."