त्यांच्या नावावरची बर्बन

आमच्या घरात व्हिस्की पिणारी मी. हे लिहायला मला काडीची लाज वाटत नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, सिडकोतल्या घराचे हप्ते फेडले, मुलाला शिकवलं, या सगळ्याचं श्रेय लोक मला खुशाल देतात. संध्याकाळचा पेग तेवढा ह्यांच्या नावावर लागला.

चटक ह्यांनीच लावली. लग्नानंतर एका दिवाळीला कुणीतरी ह्यांना बाटली भेट दिली होती. ह्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास माझ्यापुढं सरकवला. ह्यांचं पित्त असं, की एक चहा जास्त झाला तरी रात्रभर तळमळायचे. मला मात्र ती चव लगेच पटली. पुढं गावाहून, कन्नडहून, सासूबाई राहायला आल्या आणि तांदळाच्या डब्यामागं त्यांना बाटली सापडली. त्यांनी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "माझी आहे." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. महिन्याभरात सगळ्या भावकीत झालं, की थोरला बिघडला आणि सून बिचारी सोसते.

हे काम ह्यांनी मग मन लावून केलं. ऑफिसातून येताना वाईन शॉपमधून बाटली घ्यायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि गल्लीतून ताठ मानेनं घरी यायचं. मी स्टीलच्या पेल्यात ओतून घ्यायचे, त्यात थोडं पाणी, सोबत फुटाणे. हे समोर बसायचे, काचेच्या ग्लासात लिंबूसोडा घेऊन. अवचित कुणी आलं तर त्याची नजर काचेच्या ग्लासावर जायची. पेल्याकडं कोण बघतंय? बाई पाणी पीत असणार. पाहुणा गेला की आम्ही पोट धरून हसायचो.

व्हिस्की मी आवडीनं प्यायचे, पण हीच आपली, असं कुठल्या बाटलीबद्दल वाटलं नव्हतं. आपल्याकडची स्वस्तातली घसा खरवडत जायची. ह्यांच्या एका मित्रानं मोठ्या कौतुकानं दिलेल्या स्कॉचला धुराचा असा वास होता, की मला जखमेवरची पट्टी आठवली. लोक तिच्यासाठी जीव टाकतात. टाकोत बापडे. मी मिळेल ती पीत राहिले.

मग मुलगा अमेरिकेहून येताना बर्बन घेऊन आला. बाबांसाठी, अर्थात. मला बदाम आणि हाताला लावायचं क्रीम. "बाबा, ही वेगळी असते. मक्यापासून करतात, आतून जाळलेल्या लाकडी पिंपात मुरवतात," असं त्यानं बाबांना समजावून सांगितलं. बाबांनी बाटली उजेडात धरली आणि जाणकारासारखं "वा! रंग काय आहे," म्हणाले. मी स्वयंपाकघरात ओठ चावत उभी होते.

मुलगा मित्रांकडं गेल्यावर आम्ही ती उघडली. ह्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हार्डवेअरच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय." मी त्या दिवशी पेला बाजूला ठेवला आणि काचेचा ग्लास घेतला. पाणीसुद्धा घातलं नाही. आधी गूळ पातळ होताना येतो तसा वास आला, मग व्हॅनिलाचा. घोट घेतला तेव्हा खालून निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाची चव वर आली, दाणे थोडे करपले की येते ती. सासरच्या शेतात मकाच असतो, बांधावर बसून अशी किती कणसं खाल्ली असतील. घशाला जळजळ नाही, छातीत नुसती ऊब. हे माझ्याकडं बघत होते.

"घावली का तुझी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला सापडल्याचा आनंद माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त झाला.

मग दर खेपेला ती येत राहिली. बाबांची बर्बन. एकदा मी मुलाला सरळ सांगितलं, "अरे, मीही घेते." तो म्हणाला, "आई, तू पण ना!" आणि तो विनोद त्यानं जाऊन सुनेलाही ऐकवला. आम्हाला वाटायचं, हसायला आपण दोघं कायमच असू.

हे गेल्या वर्षी गेले, हृदयविकारानं. दवाखान्यात डॉक्टरांनी दारूचं विचारलं. मी म्हणाले, "नाही." मुलानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाला, "रोज घ्यायचे." मग गावाकडची माणसं भेटायला आली. माझ्याच बैठकीत बसून, माझाच चहा पीत म्हणायची, "माणूस लई चांगला, पर बाटलीनं नेला बघा." ज्या माणसाला जास्तीचा चहा सोसत नव्हता, त्याला बाटलीनं नेला! माझं डोकं भणभणायचं. नणंदेला बाजूला घेऊन मी सांगितलं, की ते पीत नव्हते. ती म्हणाली, "जाऊ द्या वैनी, गेलेल्या माणसाचं काय काढायचं?" तेव्हाच मी ठरवलं, की माझं काय व्हायचं ते होवो, पण ह्यांच्या नावावर हा डाग राहू द्यायचा नाही.

दहाव्याला आम्ही कायगावला गेलो, गोदावरीवर. पिंड मांडले, पानावर ह्यांच्या आवडीचं वाढलं, आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे बाभळीवर बसून होते, खाली एक येईना. मुलगा हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन. धाकटे दीर म्हणाले, "दादा, वैनीला काय कमी पडू देणार नाय." कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर चढलं, माणसं चुळबुळ करायला लागली.

"दादाचा जीव कशात व्हता, ते का ठाव नाय आपल्याला?" असं म्हणत दिरांनी पिशवीतून बाटली काढली. माझी बाटली. सकाळी कपाटातून कधी काढून घेतली, मला पत्ताही नव्हता. मुलानं झाकण उघडलं, "बाबा, तुमची आवडती," म्हणाला आणि रडत रडत सगळी पिंडावर ओतली. उन्हात तो गुळाचा, कणसाचा वास माझ्यापर्यंत आला. ज्या वासाला हे नाक मुरडायचे, तोच त्यांच्या पिंडाला. मला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात एक कावळा खाली आला, पानाच्या कडेचं भजं उचललं आणि उडाला.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. दीर डोळे पुसत म्हणाले, "बघा, दारूतच जीव अडकला व्हता."

मग माझा तोल सुटला. "कावळा भज्यासाठी आला," मी मोठ्यांदा म्हणाले. गुरुजीसुद्धा थांबले. "ह्यांनी जन्मात एक घोट घेतला, तोही आवडला नाही. ती बाटली माझी होती. घरात आली ती प्रत्येक बाटली माझी होती. पिणारी मी आहे, ते नाही. त्यांना दारुडा म्हणू नका."

दिरांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, सुटले हे एकदाचे.

नणंद हुंदके देत पुढं आली आणि सगळ्यांदेखत माझ्या पायावर डोकं ठेवलं. "बघा गं बायांनो," ती म्हणाली, "नवऱ्याची अब्रू झाकाया बाईनं पाप सोताच्या अंगावर घेतलं. लई नशीबवान माझा दादा." तिच्यामागून जावा आल्या, शेजारणी आल्या. एकेक जण वाकत होती. मी म्हणत होते, अगं, खरं सांगतेय, ऐका तरी. त्या आणखीच रडत होत्या.

मुलानं मला जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाला, "पुरे आई. बाबांना आम्ही केव्हाच माफ केलंय."