सात कामांची कळ

तेसिकच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, ही दोन्ही वाकत नाहीत. तो त्यांना 'पाहुणे' म्हणतो. घरात राहतात, थंडी वाजली की कुरकुरतात, कामाला हात लावत नाहीत. बोटीवर आम्ही चौघं असतो. समुद्रात ज्या दोरांवर शेवाळ पिकवतो ते दोर वर ओढायचं चाक असतं, त्या चाकात त्याचा हात गेला तेव्हा चाक मीच बंद केलं. नऊ वर्षं झाली त्याला. हात सुटल्यावर तो ओरडला नाही की रडला नाही. "डावा हाय का उजवा?" असं मला विचारलं. डावा आहे हे त्याला धडधडीत दिसत होतं, तरी विचारलं.

आमच्या वांदो बेटावर दोन-चार बोटं कमी असलेली माणसं कुठल्याही बोळात सापडतील. त्याचं कुणी फार मनावर घेत नाही. पण तेसिकचा डावा हात म्हणजे कीबोर्डवरचा हात होता.

एकोणिसाव्या वर्षी तो राजधानीत, सोल शहरात गेला होता, खेळाडूंच्या घरात. एका खोलीत बारा पोरं, एकावर एक खाटा, आणि दिवसभर एकच काम, कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ: खाणीतून खनिज काढायचं, छावण्या बांधायच्या, फौज उभी करायची आणि समोरच्याची फौज मारायची. तेव्हा असे सामने टीव्हीवर दाखवायचे, बघायला स्टेडियम भरायचं. तेसिक टीव्हीवर कधीच दिसला नाही. ज्याचा सामना टीव्हीवर असायचा, त्याला तयार करायला समोर बसवायचे, तो हा. त्या घरातला मोठा खेळाडू होता नामगुंग ह्योक. तेसिकपेक्षा वर्षानं धाकटा, खाट शेजारचीच. तीन वर्षं ही दोघं रोज समोरासमोर बसली. तेसिकची बोटं मिनिटाला पावणेचारशे वेळा कळा दाबायची, असं त्यांच्या मास्तरांनी मोजलं होतं. मग बापाला झटका आला, तेसिक घरी आला आणि बोटीवर चढला. तीन वर्षं सोलात काढून त्यानं बोली मात्र बदलली नाही. तिकडच्या पोरांनी तिची नक्कल केली तर त्यांच्याशी आणखी ठसक्यात बोलायचा, असं तो सांगतो, आणि त्यावर माझा विश्वास आहे.

गावानं विश्वास ठेवला नाही तो दुसऱ्या गोष्टीवर.

"धा डाव झालं तर पाच मी जिंकायचो ह्योकसंगं," असं तो ओक-रे काकूच्या, तासावर पैसे देऊन खेळायच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसून सांगायचा.

"आणि मी राष्ट्रपतीच्या घरी पत्रं टाकतो," असं योम म्हणायचा. योम आमचा पोस्टमन.

हात गेल्यावर तेसिकनं खेळ सोडला. खोलीत मात्र रोज यायचा. बोट दुपारी बाराला लागते. एकला हा काकूच्या खोलीत हजर. दुसऱ्यांच्या मागं उभा राहायचा. लोक पडद्याकडं बघायचे, हा त्यांच्या हातांकडं बघायचा. बायकांकडं बघणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत, पण तसली भूक मी कुणाच्या डोळ्यांत बघितली नाही.

मग फेब्रुवारीत खबर आली की मे महिन्यातल्या शेवाळाच्या मेळ्याला ह्योक येणार आहे. गावातल्या चौघांशी तो एकेक डाव खेळेल. चौघांची यादी करायचं काम योमकडं.

तेसिकनं नवा कीबोर्ड मागवला. त्यात एक सोय होती. कळांचा एक क्रम त्याला एकदा शिकवून ठेवायचा. मग एक कळ दाबली की कीबोर्ड तो सगळा क्रम आपलाआपण भराभर पुरा करतो. मॅक्रो म्हणतात त्याला. तेसिकनं एका कळीत सात कामं भरली. सात छावण्यांवर फेरी मारायची आणि प्रत्येकीत नवा शिपाई तयार करायला सांगायचं. पूर्वी हे त्याची पाच बोटं करायची. आता तीन बोटं आणि ही कळ.

मार्च सरेस्तोवर त्यानं खोलीतल्या सगळ्यांना हरवलं. योम तर एका दुपारी लागोपाठ तीनदा हरला. हरणाऱ्यानं मागितला तर झालेला डाव पुन्हा लावायचा आणि जिंकणाऱ्यानं शेजारी बसून तो पुरा बघायचा, मधे उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. योमनं रिप्ले मागितला. नूडलचा वाडगा मांडीवर घेऊन तो बघत बसला आणि मधेच काड्या वाडग्यात रोवून थांबला. मेलेल्या माणसापुढंच तशा काड्या रोवतात, म्हणून काकू त्याच्यावर खेकसली, पण त्याचं ध्यान नव्हतं.

"मागं घे. हे बघ. सात छावण्या, सात हुकूम. मधलं अंतर समद्यांत सारखं. आता पुढं जा. पुन्हा सारखं. ह्यो हात हाय का शिवणयंत्र?"

"कीबोर्डाला शिकवून ठेवलंय," तेसिक म्हणाला. लपवलं नाही.

"मग ही लबाडी झाली."

"कशी काय? शिपाई कवा भरायचा, कुठं धाडायचा, ते कोण ठरवतंय? मीच की. त्यो नुसता पळतोय."

"एक दाब, एक हुकूम. ह्या खेळात दुसरं हाय काय?"

"कुठं लिवलंय?"

"लिवाय लागतंय व्हय?"

काकू गल्ल्यामागून म्हणाली, "ए योम, तू आधी पायी टपाल वाटायचास. आता स्कूटरवर वाटतोस. लोकांची पत्रं काय लबाडीची झाली?"

"टपालाची शर्यत न्हाई काकू. शर्यत असती आणि बाकीची पायी असती, तर स्कूटर लबाडीचीच."

"आणि एकाचा पाय मोडका असला तर?" मी विचारलं.

तेसिक आपल्या पाहुण्यांकडं बघत म्हणाला, "चाकानं माझा हात न्हेला. आता यंत्राकडनं उलिसं काम करून घेतलं तर बिघडलं काय?"

"बिघडलं न्हाई," योम म्हणाला. "पण मोडक्या पायाच्यानं सांगून स्कूटर घ्यावी. समोरच्याला ठावं पायजे. तुजं नाव मी यादीत लिवतो. पण डावाआधी ह्योकला तू आपल्या तोंडानं सांगायचं. त्यो व्हय म्हणाला तर खेळायचं. न्हाई म्हणाला तर उठायचं."

तेसिक बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बोटीवर मी त्याला विचारलं, "सांगशील न्हवं?"

"सांगतो की." दोर ओढता ओढता तो थांबला. "गड्या, मला जिंकून काय मिळवायचं न्हाई. त्यो माज्यासमोर बसायचा तवा घाबरायचा. टीव्हीवर कुणाला घाबरला न्हाई, मला घाबरायचा. तसा एकदा घाबरला पायजे. मग ह्यो कीबोर्ड पाण्यात टाकतो."

मेळ्याच्या दिवशी धक्क्यावर मांडव घातला होता. म्हाताऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आधीच जागा धरून बसल्या होत्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण सावली होती. ह्योक इंचॉनहून बसनं आला. टीव्हीवरचा तो काटकुळा पोरगा आता पोट सुटलेला, चष्मेवाला गृहस्थ झाला होता. तिकडं कोंबडी तळून विकायचं दुकान चालवतो आणि रविवारी असल्या मेळ्यांना जातो. तेसिकला बघितल्यावर तो गर्दीतून वाट काढत आला.

"दादा. ओळखलंस का?"

"पोटाला न्हाई वळखलं. तुला वळखलं."

"तुझी बोली अजून तशीच आहे."

"तुजी बी शहरी टकळी तशीच हाय."

दोघं हसले. मग ह्योकची नजर खाली गेली. त्यानं तेसिकचा डावा हात उचलला, उलटा केला, सुलटा केला, दुकानदार माल बघतो तसा.

"हे कधी झालं?"

"नऊ वरसं झाली. दोराच्या चाकात गेला."

आता सांगणार, असं मला वाटलं. तेसिकनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ह्योक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काळजी करू नकोस दादा. मी जरा हळू खेळतो."

तेसिकचं तोंड मिटलं. मंचावरून योमनं भुवया उंचावून विचारलं, तेव्हा तेसिकनं मान हलवली. सांगितलं, अशी. मी कीबोर्डची पिशवी धरून शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही. मलाही तो 'हळू' शब्द लागला होता.

डाव एकोणीस मिनिटं चालला. पहिली पाच मिनिटं ह्योक खरंच हळू खेळला. मग त्यानं खांदे पुढं घेतले आणि तो सगळ्या ताकदीनं खेळायला लागला, पण फौजांवर फौजा येत राहिल्या. तेसिकची एकही छावणी एक क्षणसुद्धा रिकामी राहिली नाही. शेवटी ह्योकनं हार मानायची दोन अक्षरं टाइप केली. योमनं माईकवर निकाल सांगितला. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या गावचा कोण आणि पाहुणा कोण एवढं त्यांना कळत होतं. बाकीच्या तिघांना ह्योकनं अर्ध्या तासात गुंडाळलं. मग माणसं सुपाच्या पातेल्यांकडं पांगली.

ह्योक म्हणाला, "दादा, आपला डाव पुन्हा लाव. बघू."

हक्क होता त्याचा. दोघं मांडवाच्या मागच्या बाजूला, डाव खेळलेल्या कॉम्प्युटरांपुढं बसले. सहाव्या मिनिटाला ह्योक थांबला, थोडं मागं गेला, पुन्हा बघितलं. "अच्छा," एवढंच म्हणाला. मग डाव शेवटपर्यंत बघितला.

"लबाडी म्हण," तेसिक म्हणाला. "योम म्हणतोय. तू बी म्हण."

"म्हणत नाही."

"मग काय म्हणतोस?"

ह्योकनं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "सोलला तू दर डावात काहीतरी सोडून द्यायचास. लढाई पेटली की एखादी छावणी रिकामी पडायची, नाहीतर एखादी खाण. हात दोनच, सगळीकडे कसे पुरणार? आणि तू काय सोडणार आहेस ते मला कधी आधी कळलं नाही. तीन वर्षं समोर बसलो, तरी कळलं नाही. त्याची भीती वाटायची मला. आज तू काहीच सोडलं नाहीस. सगळं भरलेलं. समोर बसला होता तो चांगला खेळला. पण दादा, त्याच्यासाठी मी सहा तास बसमध्ये बसलो नाही."

तेसिकनं रिप्ले बंद केला. मग म्हणाला, "तू हळू खेळतो म्हणालास."

"हो. ते माझं चुकलंच."

"मी सांगणार व्हतो. मग न्हाई सांगितलं."

"कळलं ते."

तेसिकनं आपल्या कीबोर्डची वायर उपटली आणि मला म्हणाला, "साधा बघ रं एखादा." मंचावरचा एक मी काढून आणला. त्याच्यावर कुणीतरी सूप सांडलं होतं, दोन कळा चिकटत होत्या. तेसिकनं बाहीनं पुसला.

दुसरा डाव बघायला मी एकटाच होतो. तीन बोटांचा तो हात कळांवरून तिरका तिरका पळत होता, पाय तुटलेल्या खेकड्यासारखा. तिसऱ्या मिनिटालाच तो मागं पडला. ह्योक हळू खेळत नव्हता, जराही नाही. सहाव्या मिनिटाला ह्योकची फौज तेसिकच्या डावीकडच्या खाणीवर आली, आणि तेसिकनं ती खाण सोडली. नुसती सोडली नाही, तिकडं बघितलंसुद्धा नाही. खाणीतली माणसं मरू दिली आणि होते नव्हते ते सगळे शिपाई घेऊन भलत्याच बाजूनं ह्योकच्या दारात उतरला.

"अरे," ह्योक हळूच म्हणाला. त्याचा चष्मा नाकावरून घसरला होता, तो वर करायला त्यानं हात काढला नाही. मिनिटभर त्याच्या बोटांचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा येत होता, आणि तेसिक हसत होता. दात न दाखवता, पण हसत होता.

त्यात काही जमलं नाही. शिपाई पुरले नाहीत; मागच्या सातांतल्या चार छावण्या रिकाम्या पडल्या होत्या. अकराव्या मिनिटाला तेसिकनं एका बोटानं दोन अक्षरं टाइप केली.

मग तो उठून योमकडं गेला. योम सुपाचा वाडगा घेऊन उभा होता.

"पयला डाव खोड."

"माईकवर सांगून झालंय. तालुक्याला बी कळवून झालंय."

"मी त्याला सांगितलं न्हवतं. मान हालवली ती खोटी."

योमनं वाडगा खाली ठेवला. यादी काढली, पेन काढलं. तेसिकच्या नावापुढं त्यानं काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. "तालुक्याला सोमवारी कळवतो," म्हणाला. "सूप घे जा. गार व्हतंय."

तेसिकनं सूप घेतलं नाही. तो मांडवामागं परत आला तेव्हा ह्योक अजून त्याच खुर्चीत बसला होता. पिशवी मात्र त्यानं मांडीवर घेतली होती.

"आणि एक?" तेसिकनं विचारलं.

"चारची बस आहे दादा. स्टँड चालत दहा मिनिटांवर आहे. खेळायला माझ्याकडे पंधराच मिनिटं आहेत."

"पंधरा लई झाली. मी अकरात हरतो."

ह्योक हसला. त्यानं पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि माउस हातात घेतला. हा तिसरा डाव मात्र लांबला. बारावं मिनिट झालं, पंधरावं झालं. तेसिकनं या खेपेला उजवीकडच्या तीन छावण्या वाऱ्यावर सोडल्या होत्या, आणि ह्योकची फौज अजून त्याला कुठं सापडत नव्हती. मी दोनदा घड्याळ दाखवलं. शेवटी ह्योकनं पडद्यावरची नजर न हलवता माउसवरचा हात क्षणभर उचलला, खिशातून बसचं तिकीट काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"भाऊ, यानंतरची कितीला असते?"

"सहा वीसला."

"बदलून आणता का?"