ओढ्यापाशी वळणारी पालखी

आमच्या वाडीला नाव नव्हतं. खालच्या गावातले लोक 'वरची घरं' म्हणत आणि आम्हीही मुकाट्यानं तेच म्हणत असू, याची मला लहानपणापासून चीड. मुळशीच्या धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा बहुतेकांनी रस्त्याकडेला घरं बांधली; आमच्या मोजक्या घरांच्या वाट्याला ओढ्यापलीकडचा चढ आला. शाळा खाली, दुकान खाली, देऊळ खाली. मतं मागायला येणारी जीपसुद्धा ओढ्यापाशीच वळायची.

त्या देवळातली वाघजाई मात्र, पाणी चढत असताना, आमच्या आजोबांनी घोंगडीत बांधून वर आणली होती. म्हणून चैत्रातल्या जत्रेत पालखीला खांदा द्यायचा मान आमच्या घरांचा. आमची माणसं ऊर फुगवून पालखी उचलायची, गावात दारोदार फिरवायची, ओढ्यापर्यंत आणायची आणि तिथून मागं न्यायची. गावाची शीव तिथं संपते, असं पाटील म्हणत. आमच्या बायका खाली उतरून ओढ्यातच ओटी भरायच्या.

आईचा जीव या पालखीत अडकला होता. लहानपणी मला गोवर निघाला, मी वाचेन असं कुणाला वाटेना, तेव्हा ती नवस बोलली होती: पालखी दारात आणीन, खांदेकऱ्यांचे पाय धुईन, दारातच देवीची ओटी भरीन. मी बरी झाले, नवस काही फिटेना. मला साधं पडसं झालं तरी ती म्हणायची, "नवस ऱ्हायलाय, म्हनून." अस्सा वैताग यायचा!

मी सातवीला होते त्या वर्षी वडील धीर करून पाटलांकडे गेले. पाटील म्हणाले, "बघू की. देवी काय कुना एकाची हाय व्हय?" एवढ्यावर आई हुरळली. पौडच्या बाजारातून हिरवा खण आणला, अंगण सारवलं, रांगोळी घातली. जत्रेदिवशी ती ओढ्यावर उतरलीच नाही. पाण्याची कळशी भरून दारात उभी राहिली.

मी ओढ्याशी होते. ओढा ठणठणीत कोरडा. पालखी आली, पुढच्या दांडीला वडील. त्यांनी मान वर करून घराकडे पाहिलं. आई तिथून स्पष्ट दिसत होती. पाटील म्हणाले, "चला, वळवा. फुडच्या साली बघू." मला वाटलं, आता वडील पाऊल पुढं टाकतील. खांदेकरी सगळे आमचेच, अडवणार कोण होतं? वडिलांनी खांदा बदलला आणि पालखी वळवली. मला इतका संताप आला की गुलालही न घेता मी घरी पळाले.

वडील संध्याकाळी आले. "पाटील न्हाई म्हनले," एवढंच बोलले.

"पालखी पाटलाच्या खांद्यावर व्हती का?" आईनं विचारलं.

वडील ओट्यावर बसले. आईनं कळशीतलं पाणी रांगोळीवर ओतलं आणि खण पेटीत ठेवून दिला. पुढच्या जत्रांनाही आमच्या लोकांनी तसाच मिरवत खांदा दिला, आणि तशीच पालखी वळवली.

माझं लग्न झालं तेव्हा तो खण पेटीतून निघाला. सासरी निघताना आईनं तो माझ्या ओटीत घातला.

"अगं, ह्यो देवीचा हाय," मी म्हटलं.

"ती काय वर येत न्हाई," आई म्हणाली. "तूच जा खाली."

खालून येष्टी पकडायची होती. ओढा ओलांडताना माझ्या चपलासुद्धा भिजल्या नाहीत.